वाचक विचारतात : हिटलरशी युद्ध रास्त होतं, मग आपण त्याला विरोध का केला?

(इतिहासाविषयीच्या प्रश्नांना या सदरात अमळनेरच्या एक निवृत्त शिक्षिका उत्तरं देतात.)

प्रश्न : बाई, मी शिरपूरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. हिटलरने पुढे काय केलं ते जगाला माहीत आहे. त्याला अडवणं योग्यच होतं ना? मग त्याच काळात आपले पुढारी ‘या युद्धाला माणूस देऊ नका, पैसा देऊ नका’ असं सांगत होते, बेचाळीसला ‘चले जाव’ म्हणाले, नंदुरबारला शाळकरी पोरांनी छातीवर गोळ्या झेलल्या, या सगळ्यांचं चुकलं असं म्हणायचं का? वर्गात यावरून जोरदार वाद झाला. समोरचा मुलगा म्हणाला, ‘हिटलरच्या शत्रूला अडवलं म्हणजे हिटलरला मदत केली.’ मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर : हिटलरशी लढायचा ब्रिटनचा निर्णय नैतिकदृष्ट्या योग्य होता. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला वाटायला नको की मी देशाभिमानापोटी हिटलरला सूट देतेय. निर्णय उशिरा झाला. सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिकला ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान चेंबरलेन यांनी चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडून हिटलरला दिला आणि शांतता मिळवली म्हणून लंडनमध्ये स्वतःचं स्वागत करून घेतलं. पोलंडला संरक्षणाची हमी दिली ती मार्च १९३९ च्या शेवटी. त्या हमीमागे युरोपातल्या सत्तेचा तोल होता, साम्राज्याची काळजी होती. ज्यूंना वाचवण्यासाठी ब्रिटन लढायला उतरलं असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. पण हेतू भेसळीचे असले म्हणून निर्णय चुकीचा ठरत नाही. १ सप्टेंबरला पोलंडवर रणगाडे चालून आल्यावर दिलेला शब्द पाळायला कुणीतरी उभं राहणं भाग होतं, आणि ब्रिटन-फ्रान्स उभे राहिले.

तुमच्या वर्गातला घोळ पुढच्या पायरीवर आहे. त्या दिवशी एक निर्णय झाला नाही, दोन झाले. ब्रिटनने स्वतःसाठी युद्ध पुकारलं, तिथे लोकांनी निवडलेली पार्लमेंट होती. दुसरा निर्णय सिमल्यात झाला. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी जाहीर केलं की हिंदुस्थानही जर्मनीशी युद्धात आहे. तेव्हा दिल्लीत मध्यवर्ती कायदेमंडळ होतं. अकरा प्रांतांत निवडून आलेली मंत्रिमंडळं होती, त्यांतली आठ काँग्रेसची. यांतल्या कुणालाही विचारलं नाही. पस्तीस-चाळीस कोटी माणसं रात्रीतून युद्धात गेली ती एका माणसाच्या सहीने.

‘वेळ कुठे होता विचारायला?’ असं तुमचा मित्र म्हणेल. त्याला याच साम्राज्यातली बाकीची घरं दाखवा. दक्षिण आफ्रिकेच्या पार्लमेंटमध्ये ४ सप्टेंबरला मतदान झालं, ८० विरुद्ध ६७. पंतप्रधान हर्टझॉग तटस्थ राहायच्या बाजूचे होते, ते हरले आणि पायउतार झाले. (तिथेही मत गोऱ्यांचंच मोजलं गेलं, हे विसरू नका.) कॅनडाने पार्लमेंट बोलावली, चर्चा केली आणि १० तारखेला स्वतःच्या नावाने युद्ध पुकारलं. आयर्लंड तटस्थ राहिलं. म्हणजे विचारायला वेळ होता, रीतही होती. ती आपल्यापुरती वापरली नाही.

आता खान्देशाकडे या, कारण या वादाचं मूळ आपल्याच मातीत सापडतं. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन आपल्या फैजपूरला भरलं. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. चित्रकार नंदलाल बोस शांतिनिकेतनातून आले आणि इथल्या बांबूंतून त्यांनी टिळकनगर उभं केलं. माझी मोठी आत्या तेव्हा लहान पोर होती, सावद्याहून घरच्या गाडीत बसून गेली होती. तिला आठवायचा तो धुरळा, बांबूची उंच कमान आणि माणसांचा पूर. नेहरू काय बोलले ते तिला कळलं नव्हतं. कागदावर मात्र ते आहे. अध्यक्ष म्हणून नेहरू तिथे स्पेनबद्दल बोलले, फॅसिझमबद्दल बोलले. स्पेनच्या लोकनियुक्त सरकारवर फ्रँकोने बंड केलं होतं, हिटलर आणि मुसोलिनी त्याला विमानं पुरवत होते, आणि ब्रिटनचं सरकार ‘आम्ही मध्ये पडणार नाही’ म्हणून बाजूला बसलं होतं. लंडनला हिटलर अजून सांभाळून घेण्यासारखा वाटत होता तेव्हा यावल तालुक्यातल्या एका गावात त्याचा धोका सांगितला जात होता. त्याच अधिवेशनात ठराव झाला की साम्राज्यशाहीच्या युद्धात हिंदुस्थान भाग घेणार नाही. १९३८ ला हरिपुऱ्याच्या अधिवेशनात तो आणखी स्पष्ट केला : लोकांच्या उघड संमतीवाचून कुठल्याही युद्धात जायचं नाही. त्याच वर्षी जपानशी झुंजणाऱ्या चीनला वैद्यकीय पथक गेलं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्यातलेच, ते १९४२ ला तिकडेच वारले. ही सगळी माणसं हिटलरला मदत करणारी होती असं म्हणायला फार धाडस लागेल.

युद्ध सुरू झाल्यावर दुसऱ्याच दिवशी गांधीजी व्हाइसरॉयला भेटायला सिमल्याला गेले. लंडनची पार्लमेंट आणि वेस्टमिन्स्टर ॲबी बेचिराख होईल या कल्पनेनं त्यांना रडू कोसळलं. हे त्यांनी स्वतःच लिहिलंय. सप्टेंबरच्या मध्यावर वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीने ठराव केला. नाझींचा धिक्कार केला आणि एकच गोष्ट विचारली : तुम्ही लोकशाहीसाठी लढता म्हणता, तर त्या लोकशाहीत हिंदुस्थान बसतो का ते सांगा. महिन्याभराने उत्तर आलं. युद्ध संपलं की चर्चा करू. मग मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले.

तुमच्या प्रश्नाचा गाभा हाच आहे. ऑगस्ट १९४१ मध्ये रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी अटलांटिक सनद काढली. प्रत्येक राष्ट्राला आपलं सरकार निवडायचा हक्क आहे असं त्यात म्हटलं. पुढच्याच महिन्यात चर्चिलने पार्लमेंटमध्ये खुलासा केला की हे नाझींच्या टाचेखालच्या युरोपासाठी आहे, हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशाचा विषय वेगळा.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे खान्देशात पोरासोरांना ठाऊक असतं. त्यांतल्या पहिल्याच प्रवचनात एका न्यायाधीशाची गोष्ट आहे. शेकडो गुन्हेगारांना त्याने फाशी दिली, पण आरोपीच्या पिंजऱ्यात स्वतःचा मुलगा उभा राहिला तेव्हा त्याला फाशीची शिक्षाच अमानुष वाटू लागली. विनोबा सांगतात की अर्जुनाचं तसंच झालं होतं. त्याला हिंसेचा वीट आला नव्हता, समोर आपली माणसं दिसली म्हणून हात थरथरले. मला चर्चिलचा खुलासा वाचताना तो न्यायाधीश दिसतो. पोलंडच्या खटल्यात जो कायदा लावला तो स्वतःच्या घरातल्या खटल्यात लावायची वेळ आली आणि कायदाच बदलला. लढाई न्यायाची असेल तर न्यायाचं माप घरी आणि दारी एकच हवं. ब्रिटनचा निर्णय इथे उणा पडतो, आणि तो उणेपणा हिटलरच्या काळेपणाने झाकला जात नाही.

त्याच विनोबांना गांधीजींनी ऑक्टोबर १९४० मध्ये पहिला वैयक्तिक सत्याग्रही म्हणून निवडलं. १७ तारखेला पवनारला ते बोलले, चार दिवसांत अटक झाली. गांधीजींनी इंग्रजांना गोत्यात आणणारं मोठं आंदोलन मुद्दाम उभं केलं नाही. एकेक माणूस उभा राहायचा, युद्धाला मदत करू नका एवढं म्हणायचा आणि तुरुंगात जायचा. ‘आम्हाला विचारलं नाही’ हे सांगायची याहून सभ्य रीत मला तरी ठाऊक नाही.

बेचाळीसचा भाग अवघड आहे, आणि तुमचा मित्र तिथेच बोट ठेवेल. फेब्रुवारीत सिंगापूर पडलं होतं, मार्चमध्ये रंगून. जपान दारात असताना ‘चले जाव’? यावर विचारी माणसांतही मतभेद होते. डॉ. आंबेडकर युद्धप्रयत्नांच्या बाजूने होते, मानवेंद्रनाथ रॉय होते, आणि जून १९४१ ला हिटलर रशियावर चालून गेल्यावर कम्युनिस्टही त्या बाजूला गेले. फॅसिझम आधी गाडला पाहिजे हे त्यांचं म्हणणं हलकं नव्हतं. आसामच्या आघाडीकडे जाणारे रूळ उखडणं योग्य होतं असं मीही म्हणणार नाही. पण ८ ऑगस्टचा ठराव मुळातून वाचा. त्यात म्हटलंय की स्वतंत्र हिंदुस्थान दोस्तांच्या बाजूने लढेल, आणि जपानला थोपवण्यासाठी त्यांच्या फौजा इथे राहायलाही हरकत नाही. ब्रिटिश मंत्री क्रिप्स तडजोडीसाठी आले होते तेव्हा बोलणी मुख्यतः यावरच फिसकटली की देशाचं संरक्षण देशाच्या माणसांच्या हाती द्यायचं नव्हतं. वाद ‘लढायचं का’ याचा राहिलाच नव्हता. नोकर म्हणून लढायचं की घरधनी म्हणून, एवढाच उरला होता.

आणि नंदुरबार. ९ सप्टेंबर १९४२. मिरवणुकीच्या पुढे तिरंगा घेतलेला शिरीषकुमार मेहता, वय अवघं पंधरा. ‘नहीं नमशे, नहीं नमशे’ ही त्याची गुजराती घोषणा आजही तिथल्या मुलांना पाठ आहे. पोलिसाने मुलींच्या घोळक्यावर बंदूक रोखली तेव्हा तो पुढे आला आणि मला मार म्हणाला, असं गावातले जुने लोक सांगत आले. भर बाजारपेठेत गोळ्या लागून तो पडला, आणि त्याच्याबरोबर लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम. नंदुरबारला स्मारक आहे, शिरपूरहून लांब नाही. वर्गाची सहल न्या आणि तुमच्या मित्राला तिथे विचारा, या पोरांनी हिटलरला काय मदत केली? स्वातंत्र्यासाठी लढतो म्हणणाऱ्या सरकारने स्वातंत्र्य मागणाऱ्या पोरांवर त्याच काळात गोळी झाडली. त्या सरकारचं जर्मनीशी चाललेलं युद्ध रास्त होतं, ही गोळी रास्त नव्हती. दोन्ही वाक्यं एका दमात म्हणता आली पाहिजेत.

न विचारता युद्धात नेलं म्हणजे काय, ते आमच्या घरी चोपड्याला आजोबांच्या खतावणीत दिसतं. आपला खान्देशी कापूस आखूड धाग्याचा, आणि त्याचं मोठं गिऱ्हाईक जपान. डिसेंबर १९४१ ला जपान युद्धात उतरला आणि ते गिऱ्हाईक एका दिवसात शत्रू झालं. मग सरकारची ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम आली. खतावणीत तोवर पानामागून पान ‘कापूस, जिनवर’ असं लिहिलेलं दिसतं, कुठल्या गाडीत किती मण, कुणाची गाडी. मग एकदम ज्वारी आणि बाजरी. रॉकेल, कापड, साखर यांच्या नोंदी विरळ होत जातात, आणि समासात आजोबांच्या अक्षरात ‘मिळाले नाही’. आत्या म्हणायची, ‘आमले कोनी इचारं नही.’

खान्देशाचं निभावलं. बंगालचं निभावलं नाही. १९४३ च्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसं गेली. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला होता, जपानच्या भीतीने सरकारने किनाऱ्यावरच्या होड्या आणि धान्य काढून घेतलं होतं, भाव आभाळाला भिडले होते, आणि दिल्लीहून पुन्हा पुन्हा मागणी जाऊनही लंडनने पुरेशी धान्याची जहाजं दिली नाहीत. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटन हिंदुस्थानचं सुमारे १३० कोटी पौंड देणं लागत होतं. एवढा माल आणि एवढी सेवा आपण उधारीवर दिली होती, म्हणजे आपल्याकडून घेतली होती. न्याय्य युद्धाचा खर्चसुद्धा कुणाकडून वसूल करायचा हा नैतिक प्रश्नच आहे, आणि ज्यांना हो-नाही म्हणायचा हक्क नव्हता त्यांच्या ताटातून तो वसूल झाला.

वर्गात उत्तर द्यायचं असेल तर एवढं म्हणा : ब्रिटनने जर्मनीशी लढणं योग्य, हिंदुस्थानला परस्पर जुंपणं अयोग्य. पहिलं मान्य केलं म्हणून दुसरं माफ होत नाही.

प्रश्न : माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते, इटलीत लढले. आमचं गाव पाचोऱ्याजवळ. गावात स्वातंत्र्यसैनिकांची घराणी होती, त्यामुळे वडिलांनी आजोबांची पदकं कायम ट्रंकेत ठेवली. ‘इंग्रजांची चाकरी’ म्हणून कुणी बोलू नये म्हणून. आता मुलगी विचारते, पणजोबांनी केलं ते चांगलं की वाईट? काय सांगू?

उत्तर : दादा, आधी ती पदकं ट्रंकेतून काढा. मुलीच्या हातावर ठेवा.

युद्धात उतरायचा निर्णय करणारा आणि त्या युद्धात लढणारा, यांचा हिशोब वेगळा मांडायचा असतो. सिमल्यात सही झाली तेव्हा तुमच्या आजोबांना विचारायला कुणी आलं नव्हतं. आपल्याकडे सक्तीची भरती नव्हती. सुमारे पंचवीस लाख माणसं स्वतःहून फौजेत गेली. पोट होतं, पगार होता, घराण्याची रीत होती, काहींना हिटलर-जपानला थोपवायचंही होतं. परतली नाहीत अशी माणसं सत्त्याऐंशी हजारांच्या घरात आहेत.

आणि इटलीत ती काय करत होती हेही मुलीला सांगा. गावोगाव बसलेल्या नाझी फौजेला हुसकत होती. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या खोऱ्यात एकटे मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले, ठाणं घेतलं आणि तिथेच पडले. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना गोळीबारातून ओढत मागे घेऊन आले आणि जखमी हाताने पुन्हा शत्रूच्या ठाण्यांवर गेले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्या इटालियन गावांतून जर्मन गेले, तिथल्या बायाबापड्यांना हे सैनिक कुणाचे नोकर आहेत याने फरक पडला नसेल.

तुमच्या गावातला जो माणूस बेचाळीसला तुरुंगात गेला तो बरोबर होता. तुमचे आजोबाही शरमेचे धनी नाहीत. नवव्या-दहाव्या वर्षाच्या मुलीला हे समजतं, माझा वर्गातला अनुभव आहे. पलटणीचं नाव आणि आजोबांचा नंबर पदकाच्या कडेवर कोरलेला असतो का ते भिंग घेऊन बघा. असेल तर तो वहीत उतरवून ठेवा, पुढे सेवेचा कागद मागवायला तोच लागतो.

प्रश्न : जुलै १९४० मध्ये गांधीजींनी ब्रिटिश जनतेला जाहीर पत्र लिहून शस्त्रं खाली ठेवा, हिटलरला तुमचा देश घेऊ द्या, पण मनाने शरण जाऊ नका, असं सांगितलं. मी चाळीसगावला माध्यमिक शाळेत शिकवतो. हा भाग मुलांना सांगावा का? आणि तुम्हाला तो पटतो का?

उत्तर : मला पटत नाही सर. गांधीजींवरची माझी श्रद्धा लहानपणापासूनची आहे, तरी हे मी स्पष्ट म्हणते. अहिंसक सत्याग्रह समोरच्याच्या मनाला हात घालतो. त्यासाठी सत्याग्रही निदान जिवंत आणि लोकांच्या नजरेसमोर असावा लागतो. विनोबांना पकडलं तर वर्तमानपत्रात छापून आलं, खटला झाला, शिक्षा झाली, सुटका झाली. पोलंडमध्ये माणसं रातोरात गायब होत होती, त्यांच्या सत्याग्रहाची बातमीही कुठे पोचली नसती. स्वतःच्या जिवावर उदार होणं ही थोरवी आहे. दुसऱ्या देशाच्या आयाबहिणींना तो सल्ला देणं मला जड वाटतं.

आणि काँग्रेसलाही तेव्हा ते पटलं नव्हतं, हे मुलांना सहसा कुणी सांगत नाही. त्याच उन्हाळ्यात, फ्रान्स पडल्यावर, कार्यकारिणीने गांधीजींपासून बाजूला होऊन ठरवलं की देशाच्या संरक्षणाला अहिंसा पुरेशी नाही. जुलैच्या शेवटी पुण्याच्या बैठकीत त्यावर शिक्कामोर्तब झालं : स्वातंत्र्य मान्य करा, दिल्लीत राष्ट्रीय सरकार बनवा, आम्ही युद्धात पूर्ण साथ देतो. ८ ऑगस्टला व्हाइसरॉयचा देकार आला, त्यात यातलं काहीच नव्हतं. मग काँग्रेस पुन्हा गांधीजींकडे वळली आणि वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला.

तेव्हा हा भाग जरूर शिकवा. नववीच्या मुलांना गांधीजींचं पत्र आणि पुण्याचा ठराव असे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचायला द्या, आणि ‘तुम्ही त्या बैठकीत असता तर हात कशाच्या बाजूने वर केला असता?’ असं विचारा. माझ्या वर्गात दर वर्षी पोरांचे दोन तट पडायचे आणि तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठायचं नाही.